न दाखवलेला झरा

बालाघाट जिल्ह्यात, बिरसा या गावाच्या पुढे, सालाच्या जंगलात शिरलेल्या एका गावात मी काही वर्षं काम केलं. गाव गोंड आणि बैगा कुटुंबांचं. बायकांचे गट बांधायचे, घरामागच्या बाडीत भाजीपाला लावायचा, कोंबडीची पिल्लं वाटायची, असं आमच्या संस्थेचं काम होतं. मी कटंगीची सून. बिरसाला खोली घेऊन राहायची आणि सुटीला घरी जायची. गावात आमचं बोलणं हिंदीत चालायचं, पण खरं तर चालायचं ते फक्त माझंच. बायका ऐकून घ्यायच्या. ऐकताना त्यांची नजर माझ्या तोंडावर नसायची, माझ्या पिशवीवर असायची.

गावातल्या हापशीला लालसर, गंजाच्या वासाचं पाणी यायचं. त्यात डाळ शिजत नसे. पण भर उन्हाळ्यात कुणाच्या अंगणात बसले, की लोट्यातून समोर यायचं ते पाणी नितळ आणि गार.

"हे पाणी कुठलं?" मी एकदा विचारलं.

"जंगल का."

"जंगलात कुठलं?"

ती बाई उठून चुलीतली राख काढू लागली.

कुठेतरी वर झरा होता, हे उघड होतं. झऱ्याला तिथे झिरिया म्हणतात. त्याचं पाणी नळीतून उतारानं खाली आणायचं, गावात टाकी बांधायची, म्हणजे बाड्या उन्हाळ्यातही हिरव्या राहतील, अशी योजना ऑफिसनं आखली. मी ती गटाच्या बैठकीत मांडली. गटाची प्रमुख एक म्हातारी होती, तिला सगळे दाई म्हणत. तिनं एवढंच विचारलं, "नापोगे?"

"मोजावं तर लागेलच ना, दाई."

ती उठली, तिच्यामागे सगळ्या उठल्या, आणि बैठक संपली.

मग मलाही संशय यायला लागला. वर मोहाची दारू काढतात का? लाकूड तोडून ठेवलंय का? एका दुपारी बायका हंडे घेऊन टेकडीकडे निघाल्या, तशी मी थोडं अंतर ठेवून मागे गेले. रांगेतल्या शेवटच्या बाईनं वळून पाहिलं, हंडा खाली ठेवला आणि वाटेच्या मधोमध बसली. मी परत फिरेपर्यंत तशीच बसून राहिली.

घरी नवऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "त्याईनं तुले काहून दाखवावं? आपली विहीर मोजाले कोनी अनोळखी आला, तं माय त्याले वसरीत तरी उभा करन काय?"

"मी का अनोळखी आहो? वरीसभर जाऊन राह्यली मी."

"वरीस तुह्यासाठी झालं. त्याईच्यासाठी?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत गावात एक जीप आली. दोन माणसं उतरली आणि हापशीवरच्या बायकांना विचारू लागली, "ऊपर झिरिया है न? कौन दिखाएगा?" मी जवळच उभी होते. त्यातला एकजण हात जोडून माझ्याकडे आला. "नमस्ते मॅडम. आपके साहब ने ही बताया था."

मी त्या दोघांना कधी पाहिलेलं नव्हतं. पण बायकांनी ऐकायचं ते ऐकलं. अर्धे भरलेले हंडे उचलून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी बैठकीला कुणी आलं नाही. मी झाडाखाली एकटीच बसले होते. मग दाई आली. तिच्या डोक्यावर टोपली होती आणि टोपलीत संस्थेनं वाटलेल्या कोंबड्या, पाय बांधलेल्या. ती टोपली तिनं माझ्या पायाशी ठेवली.

"हमारा पहले का गाँव अंदर था, जहाँ अब लोग बाघ देखने जाते हैं," ती म्हणाली. "पहले टेप आया. फिर पत्थर आया. फिर ट्रक आया."

मी बालाघाटच्या ऑफिसात गेले आणि आमच्या संस्थेच्या साहेबांना सरळ विचारलं. ते हसले. ती माणसं ओळखीतली होती, जंगलालगत हॉटेलसाठी जागा बघत होती. "पानी का पूछा, मैंने बता दिया. गाँव को रोजगार मिलेगा. तुम बस लोकेशन भेज दो." परतीच्या बसमध्ये मी स्वतःलाच तपासत होते. घरोघरी जाऊन मी जे जे विचारलं होतं, ते पुढे कुणाकुणाच्या कानावर गेलं असेल?

मी थेट दाईच्या अंगणात गेले आणि होतं ते सगळं सांगितलं. तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं.

"ये बात तू काहे बता रही है? तेरा क्या फायदा?"

खरं बोलण्याचाही संशय येऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं. मला एकही फायदा सांगता आला नाही, आणि बहुधा तेच तिला पटलं. तिनं सुनेला पाणी आणायला सांगितलं.

पुढच्या ग्रामसभेत बायका पहिल्यांदाच पुढे बसल्या. बाहेरच्या कुणाला जमीन द्यायची नाही, असा ठराव त्यांनी करून घेतला. पाण्याबद्दल दाईनं अट घातली. नळ्या टेकडीच्या पायथ्याशी उतरवा. तिथून वरचं काम गाव करेल. बाहेरचं कुणी वर येणार नाही, मीसुद्धा नाही.

साहेब चिडले. न बघता काम पास कसं करायचं? मी म्हटलं, टाकीत पाणी दिसेलच की. बरीच हुज्जत झाल्यावर ते तयार झाले, पण माझ्याशी पुन्हा पूर्वीसारखं बोलले नाहीत. जीपवाले आणखी एकदा आले. बायकांनी त्यांना हापशीवरच अडवलं. दाई शांतपणे म्हणाली, "झिरिया सूख गया." मागे उभ्या असलेल्या बायकांच्या डोक्यावरच्या हंड्यांतून नितळ पाणी ठिबकत होतं. ती माणसं पुन्हा दिसली नाहीत.

गावातल्या बायका आणि पुरुष मिळून नळ्यांची वेटोळी खांद्यावर घेऊन वर गेले. मी खाली टाकीजवळ थांबले. आधी चिखल आला, मग पालापाचोळा, मग नितळ धार. त्या उन्हाळ्यात बाड्यांमध्ये बरबटी, म्हणजे चवळीच्या शेंगा, आणि टमाटर लागले. पाणी कुणी कधी घ्यायचं, ते बायका आपसात ठरवत. मी गेले की मात्र बोलणं क्षणभर थांबायचं.

नोकरी सोडताना मी दाईला भेटायला गेले. तिनं माझा फोन मागितला आणि एकेक फोटो दाखवायला लावला. टाकी, टमाटर, हसणाऱ्या बायका. एका फोटोत बायकांच्या मागे टेकडीचा उतार दिसत होता.

"ये मिटा दे."

मी तो पुसला. तिनं वाकून, नीट गेला ना ते पाहिलं. मग म्हणाली, "अब जा. बस निकल जाएगी."