बोटाला न लागणारा टवका

"ताई, तो कापूस खाली ठेवा आधी!" मी फाटकातूनच ओरडलो.

सुनीताताईंच्या एका हातात नेलपॉलिश काढायच्या रिमूव्हरची बाटली होती, दुसऱ्या हातात भिजलेला कापूस आणि समोर नवीकोरी लाल गाडी. रिमूव्हरनं नखावरचं पॉलिश निघतं, तसा गाडीचा रंगही खराब होतो. थोडा उशीर झाला असता तर तांदळाएवढ्या टवक्याचा तळहाताएवढा डाग झाला असता.

खामगावच्या एका वर्कशॉपच्या पेंट सेक्शनमध्ये माझं आयुष्य गेलं. आता रिटायर आहे, पण कुणी बोलावलं की डबा उचलून जातो. लाल रंग जुळवण्यात आमच्या भागात माझा हात धरणारा कोणी नाही. हे मीच सांगून टाकतो, दुसऱ्यानं सांगायची वाट कोण पाहणार!

हे घर धामणगाव बढे गावातलं. सुनीताताई सरकारी दवाखान्यात नर्स. घरातली पहिली गाडी त्यांनी घेतली आणि पूजेचा नारळ फोडायचा मान सासऱ्यांना दिला. त्या त्यांना मामाजी म्हणतात, मी बाबा. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी दगड गाडीच्या अगदी नाकाशी मांडला. नारळ आपटला, करवंटीचा तुकडा उडाला आणि बॉनेटच्या कडेचा टवका घेऊन गेला. ताईंनी घाईघाईत त्यावर नेलपॉलिश फासलं होतं.

"मले टवक्याचं काही नाही हो," ताई हळूच म्हणाल्या. "पण मामाजी गाडीत बसूनच नाही राह्यले. म्हणतात, माह्या हातून अपशकुन झाला. सोमवारी डोयाचं ऑपरेशन आहे बुलढाण्याले. आता म्हणतात, गाडीत नेत असशीन तं ऑपरेशनच नको."

"शोरूमवाले काय म्हणते?"

"पूर्ण बॉनेट रंगवा म्हणते."

ढेकूण झाले म्हणून घर जाळायचं! गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर असतो, त्यावर रंग आणि सगळ्यात वर काचेसारखा क्लिअर कोट. कंपनीत भट्टीत भाजलेला तो थर पुन्हा कोणाच्या बापाला जमत नाही. तो शक्यतो मोडायचा नसतो.

मी कोमट साबणाच्या पाण्यानं पॉलिश मऊ केलं आणि लाकडी टूथपिकनं सोलून काढलं. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर कलर कोड असतो. त्याचा फोटो ताईंकडून आधीच मागवून मी रंग बनवून आणला होता. टूथपिकच्या टोकानं फक्त खड्ड्यात प्रायमर सोडला. वाळल्यावर रंग, पातळ पातळ हात देत. मग क्लिअर. घाई केली की वरून वाळतं आणि आत ओलं राहतं, त्यामुळे मधल्या वेळात चहा पीत बसलो. बाबा ओट्यावर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला गेलो. ताईंना जागा सापडेना. मी खूश.

तेवढ्यात बाबा ओट्यावरून उतरले. बॉनेटच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि थांबले. "हे काय लागून राह्यलं मिस्त्री? खड्डा तं हाये."

मला रागच आला, कारण म्हातारा खरं बोलत होता. टचअपची जागा किंचित खोल राहते. आमच्या धंद्यात दोन फुटांवरून दिसलं नाही म्हणजे काम पास. पण हा माणूस बोटांनी पाहत होता. त्याच्यापुढे माझ्या लाल रंगाची किंमत शून्य!

"बाबा, उद्या या खाली," मी म्हणालो.

मग क्लिअरचा थेंब, तो वाळला की दुसरा, असं करत खड्डा भरून वर बारीक फुगवटा येऊ दिला आणि दिवसभर उन्हात ठेवला. रविवारी सकाळी सगळ्यात बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवला, खोडरबराला गुंडाळला आणि घासायला लागलो. फुगवटाच घासायचा, आजूबाजूला हात घसरायला नको. क्लिअर फाटून रंगाला लागलं की पूर्ण बॉनेट रंगवणं आलं, आणि मग बाबांना समजावणं देवालाही जमलं नसतं. पाठ भरून आली. शेवटी कंपाउंड लावून चमक आणली आणि हाक मारली.

बाबांनी अंगठा फिरवला. मग चारी बोटं. इकडून गेले, तिकडून आले.

"कुठं होतं बे ते?"

"सांगत नाही. तुम्हीच सापडवा!"

त्यांनी पुन्हा सगळी कड चाचपली. मग गाडीला धरत धरत दारापर्यंत गेले, स्वतःच पुढचं दार उघडलं आणि आत बसले. "उद्या किती वाजता निंघा लागते सुनीता?"

ताईंनी पदर डोळ्यांना लावला. मी डबा आवरायला लागलो, कारण माझंही तेच झालं होतं.

ऑपरेशन झाल्यावर काही दिवसांनी बाबांचा फोन आला. "मिस्त्री, डोया साफ झाला. भिंतीच्या भेगा दिसल्या. सुनीताचे पांढरे केस दिसले. गाडी तं उन्हात उभी करून पाह्यली, ते काही नाही दिसलं."

फोन स्पीकरवर टाकून मी त्यांना ते पुन्हा बोलायला लावलं. बायको आतून म्हणाली, "ऐकलं, ऐकलं." तिला काय कळणार? आमच्या लाइनमध्ये एवढंच ध्यानात ठेवायचं: गिऱ्हाईकाची नजर आज अधू असली तरी काम उद्याच्या नजरेचं करावं.