बाबांची मान आणि आप्पांची मिशी

बाबांशी माझं शेवटचं बोलणं काचेतून झालं. दुपारचे तीन-साडेतीन वाजले असतील. अतिदक्षता विभागात एका वेळी एकालाच सोडत होते आणि आत आई होती, म्हणून मी बाहेर काचेला नाक लावून उभी होते. बाबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. त्यांनी मला पाहिलं, उजवा हात जरासा उचलला, बोट डोळ्याखाली टेकवलं, मग तेच बोट आईकडे वळवलं आणि शेवटी अंगठा मास्कवर, बरोबर ओठांच्या जागी लावला. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या, "चहा मागताहेत वाटतं. आत्ता नाही हं देता येणार." मला हसू फुटलं, आणि त्याच्या पाठोपाठ रडूही... सिस्टरचं अर्धं बरोबर होतं. ती खूण कामतघरच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खोलीतली होती, दवाखान्यात ती कुणाला कळणार? मी काचेतून मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. त्याला आता पाच आठवडे होतील.

आमचे आजोबा-पणजोबा खाडीकाठचे, भात आणि मासळीवर जगलेले. बाबा मात्र विशीच्या आतच लूमवर लागले आणि हळूहळू मास्टर झाले. म्हणजे लूम बिघडला की पाना घेऊन त्याच्या पोटात शिरायचं आणि त्याला पुन्हा बोलता करायचं. चाळीस लूम एका पत्र्याखाली खटाखट चालतात तिथं कानाचा काही उपयोग नसतो. सगळी माणसं ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी उघडली की धागा तुटला, मिशीवर ताव दिला की शेठ आला. हे ज्ञान बाबांनी हिंदीतही मिळवलं होतं आणि मराठीतही, कारण खोलीत निम्मी माणसं उत्तरेकडच्या मुलुखातली. या विद्येच्या बदल्यात लूमने त्यांचे कान घेतले. मी सातवीत असताना त्यांना नीट ऐकू येईनासं झालं होतं आणि दहावीत गेले तोवर घरातला टीव्ही त्यांच्यासाठी मुकाच झाला होता. कानाचं मशीन आणलं, ते दोन दिवस लावून त्यांनी कपाटात ठेवून दिलं. "निस्ता गलका येतो," म्हणाले. "बोलनं येत न्हाय."

तोंडासमोर तोंड असेल तर बाबांना सगळं कळायचं. अडचण व्हायची ती बैठकीत. आमच्या घरातल्या बैठकी म्हणजे ओट्यावर दहा जण, सगळे एकदम बोलणार, कुणाच्या तोंडात तंबाखू, कुणाची पाठ वळलेली. आणि सगळ्यांत महत्त्वाचं बोलणार ते आप्पा, बाबांचे थोरले भाऊ. आप्पांची मिशी हा आमच्या गल्लीतला एक मानाचा ऐवज होता. वरचा ओठ तर दिसायचाच नाही, खालच्याचाही निम्मा भाग तिने व्यापला होता. त्या मिशीआडून काय बाहेर पडतंय ते बाबांना कसं दिसणार? पण "ऐकू आलं नाही" म्हणायची त्यांना लाज वाटायची. मग ते मान हलवायचे. आप्पा बोलायचे, बाबा मान हलवायचे आणि घरातला निर्णय व्हायचा. आम्ही त्याला बाबांचा शांत स्वभाव समजत होतो. इतकी वर्षं एका घरात राहून आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, याची मला आजही चीड येते.

माझ्या बारावीच्या सुट्टीत असंच झालं. मी सीईटी दिली होती, पेपर बरे गेले होते आणि पुण्याला हॉस्टेलवर राहून फार्मसी करायचं असं माझं मनाशी ठरलं होतं. मनाशीच. एके संध्याकाळी आप्पांनी ओट्यावर सांगितलं की पडघ्याकडचं एक स्थळ आलंय, मुलाच्या घरची गोदामं आहेत, मुलगी शिकली तेवढी पुष्कळ झाली, पुढच्या बुधवारी पाहुणे बघायला येतील. बाबांनी मान हलवली. मी दाराआडून पाहत होते. आई चहाचे कप घेऊन तशीच उभी राहिली, पण आप्पांनी मांडलेलं आणि बाबांनी मान्य केलेलं पुन्हा उकरून काढायची आमच्या घरात रीत नव्हती. मला आप्पांचा राग आला नाही, बाबांचा आला. रात्र-रात्र माझा अभ्यास होईपर्यंत समोर बसून राहणारा माणूस एका मानेसरशी मला देऊन टाकतो... त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे तोंड करून बोललेच नाही. ताट वाढायचं ते खाली बघून, हाक मारली की उत्तर द्यायचं ते भिंतीकडे बघून.

त्याच आठवड्यात कारागीर मुलुखाला गेल्यामुळे लूम बंद होते. आप्पांनी एक सुमो ठरवली आणि आम्ही दोन्ही घरं केळव्याला तीन दिवस राहायला गेलो. बाबांच्या आयुष्यातली ही पहिली सहल. दुसरा दिवस तर निवांतपणाची हद्द होता. कुणी आठच्या आत उठलं नाही. घावनं आणि नारळाचा रस खाऊन सगळी वरात समुद्रावर. आप्पांनी सुरूच्या सावलीत चटई अंथरली आणि ताडगोळ्यांची रास पुढ्यात घेऊन बसले. बाबा भर सकाळी वाळूत आडवे झाले, तेही टॉवेलाची घडी उशाला घेऊन. मी त्यांना दिवसाढवळ्या असं झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. उठले तेव्हा भरती चढत होती आणि वाराही सुटला होता. आप्पा चटईवरून ओरडताहेत, आई पाण्यात पाऊलभर उभी राहून "काय? काय?" करतेय, कुणाचं कुणाला कळत नाही. बाबांनी हे बघितलं आणि पोट धरून हसले. "इथं सगळेच भयरे झाले!" मग आईला त्यांनी आवाज न काढता काहीतरी विचारलं, आईने ओठांनीच उत्तर दिलं आणि पदर तोंडाला लावून लाजली. काय विचारलं ते तिने अजून सांगितलेलं नाही.

मी आणि माझी चुलत बहीण वैशाली, आप्पांची मुलगी, गुडघाभर पाण्यात गेलो होतो. तिची पाठ किनाऱ्याकडे, माझं तोंड किनाऱ्याकडे. लाटांच्या आवाजात आपलं बोलणं कुठे जातंय, या भरवशावर मी इतक्या दिवसांचं सगळं ओकून टाकलं. म्हटलं, "मला पुण्याला जायचं होतं गं. आप्पांचं जाऊ दे, बाबांनीच मान हलवली. त्यांनाच नको असेल तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?" आणि बोलता बोलता माझी नजर वर गेली. पंधरा-वीस पावलांवर बाबा वाळूत उठून बसले होते आणि डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे पाहत होते. तुटलेला धागा शोधताना लूमकडे पाहायचे, अगदी तसे.

बाबा उठले. विजार झटकली नाही, चपला घातल्या नाहीत, तापलेल्या वाळूतून तरातरा चटईकडे चालत गेले. मी पाण्यातून धावले. मी पोचेपर्यंत त्यांनी सुरुवात केली होती, आणि लूमवरच्या माणसाचा आवाज म्हणजे काय ते ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल. बाबा आप्पांना दादूस म्हणायचे. "दादूस, त्या दिशी ओट्यावर मी कशाला मान हलवली?"

आप्पांच्या हातातला ताडगोळा तसाच राहिला. "आरं, बायच्या पावण्यांचं नाय का..."

"मला समजत न्हाय. तुझं बोलनं तुझ्या मिशीत अडकतं. कवापासून अडकतंय, मी लाजंनं बोललो न्हाय." मग ते माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते. "बाय, तू सांग. माझ्याकडं बघून सांग."

आप्पांच्या समोर मी उभ्या जन्मात कधी तोंड उघडलं नव्हतं. तोंड उघडलं, पण आवाज काही फुटेना. शेवटी नुसते ओठ हलवले. मला शिकायचंय. फार्मसीला जायचंय, पुण्याला. लग्न आत्ता नको. एवढंच, तेही एकदाही आवाज न निघता. बाबांनी शब्द न् शब्द वाचला, मग आप्पांकडे तोंड केलं आणि पूर्ण किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "माझी बाय बोलते, मला शिकायचं हाय! फार्मशी! पुन्याला! लगीन आत्ता न्हाय! आनि तिचा बापूस बोलतो, हो!" टांगेवाल्याने घोडा थांबवला. भेळवाला थांबला. कुणीतरी अनोळखी बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. आणि मी, आप्पांच्या धाकात वाढलेली मी, तिथंच वाळूत बसून मोठमोठ्याने रडले आणि हसले. तोवर आवाज परत आला होता.

मला वाटलं, आता आप्पा सामान बांधायला सांगणार. पण ते बाबांकडे बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "म्हंजे इतकी वर्सं तू निस्ती मान..." त्यांनी सोललेला ताडगोळा बाबांच्या हातावर ठेवला. बाबांनी तो खाल्ला, शर्ट काढून चटईवर टाकला, आईकडे पाहिलं आणि खूण केली. बोट डोळ्याखाली, मग शर्टाकडे, मग अंगठा ओठांवर. लूमच्या खोलीत कारागीर बाहेर निघाला की शेजारच्याला ही खूण करतो. माझ्या लूमवर नजर ठेव, मी चहा पिऊन येतो. आईने मान हलवली आणि बाबा समुद्रात शिरले ते जेवणाची वेळ टळून गेली तरी बाहेर येईनात. खाडीकाठच्या माणसाला पोहायला कुणी शिकवावं लागत नाही. लाटेवर पाठ टाकून आभाळाकडे बघत पडलेले बाबा मला आजही दिसतात. एखादी मोठी लढाई मारून आलेला माणूस असाच पडत असेल.

पाहुणे बुधवारी आले नाहीत. आले ते आप्पा, बाहेरूनच खाकरत. मी दार उघडलं आणि ओळखलंच नाही. मिशी साफ! वरचा ओठ गोरापान, लहान बाळासारखा. गल्लीतली पोरं आठवडाभर हसत होती, काकूंनी तर दोन दिवस त्यांच्याकडे पाहिलं नाही. आप्पा बाबांच्या समोर बसले, उजेडाकडे तोंड केलं आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "आता दिसतंय का?" बाबा म्हणाले, "तुझे दात किडलेत." दोघंही हसत सुटले. मिशी पुन्हा कधी वाढली नाही. आणि आमच्या ओट्यावर नवा कायदा आला. बाबांची खुर्ची दाराशी, बोलणाऱ्याचं तोंड उजेडाकडे, तोंडावर हात नाही, एका वेळी एकानेच बोलायचं. मला पुण्याला सोडायला दोघे भाऊ आले होते. हॉस्टेलच्या फाटकातून बाबांनी ओठांनी विचारलं, "घाबरली न्हाय ना?" मी ओठांनीच खोटं बोलले आणि त्यांना ते बरोबर कळलं. आज मी औषधांच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. पहिल्या दिवशीचा पांढरा कोट घालून बाबा गल्लीभर फिरून आले होते, मी नको नको म्हणत असताना.

पाच आठवडे झाले. दाराशी खुर्ची तशीच आहे आणि आम्ही अजूनही एकेक करून, उजेडाकडे तोंड करून बोलतो. काचेतली ती खूण मी घरात सगळ्यांना सांगितली होती. माझ्या लूमवर नजर ठेव, मी चहा पिऊन येतो, असं म्हणून बाबांनी आईकडे बोट केलं होतं आणि मी मान हलवली होती. कशाला मान हलवली, हे मला पक्कं ठाऊक होतं. परवा संध्याकाळी आप्पा आले. रोज येतात, दाढी करून, ओठ गुळगुळीत करून. आई आत भाजी निवडत होती. आप्पा रिकाम्या खुर्चीसमोर बसले आणि आवाज न काढता ओठ हलवू लागले. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, पण मी मास्टरची मुलगी आहे. तेवढ्या लांबून मला शब्द न् शब्द दिसला.

"लूम चालू हाय. तू चहा पी आरामात."