झटका फक्त बायकांनाच

भूकंपानंतर कितीतरी दिवस आमच्या लातूरच्या गल्लीत कोणी छताखाली झोपलं नाही. आमच्या मधल्या भिंतीत हात जाईल एवढी भेग पडली होती. सगळ्यांच्या बाजा अंगणात आल्या, आणि मला व माझ्या दोन महिन्यांच्या लेकीला सगळ्यांत सुरक्षित जागा मिळाली: शेडमधल्या सासऱ्यांच्या जुन्या मोटारीची मागची सीट. मोटारीचं छत डोक्यात पडत नाही, असं सासऱ्यांचं म्हणणं. मला ते पटलं. औशापलीकडच्या गावांतून तेव्हा ज्या बातम्या येत होत्या, त्या ऐकून माणसाला काहीही पटलं असतं.

पोरीचे लंगोट बदलायला उजेड हवा म्हणून नवऱ्यानं घरातून वायर ओढली आणि काचेच्या वरच्या फटीतून गाडीत बल्ब सोडला. वायर सरकू नये म्हणून काच घट्ट वर चढवली. बटण होतं घरात, आणि ते बंद करायला आत जायची कोणाची छाती नव्हती. मग आम्ही बल्बच होल्डरमध्ये सैल करून विझवायचो. नवरा क्लासमध्ये गणित शिकवायचा. क्लासेसचं पीक तेव्हा नुकतंच वर यायला लागलं होतं, आणि त्याची मुलंसुद्धा छताला भिऊन मैदानात बसून गणितं सोडवायची.

एकदा पाऊस पडून गेला. सकाळी मी पोरीला काखेत घेऊन चिखलात उतरले, दाराला हात लावला आणि कोपरापर्यंत सणक गेली. मी ओरडलेच.

"तुझ्या मनात भूकंप बसलाय, दुसरं काय न्हाई," नवरा म्हणाला.

सासऱ्यांनी मात्र मनावर घेतलं. गाडी तशीही आचके देत बंद पडत होती. त्यांनी दोन्ही दुखणी एकाच खुंटीला टांगली. "इंजिनच्या कॉइलचा करंट बॉडीत उतरायलाय," म्हणाले. प्लग काढून पुसले, पॉइंट घासले, इंजिन आणि चॅसी जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली होती ती खरवडून परत कसली. चावी फिरवताच गाडी सुरू झाली. सासरे बॉनेटवर रेलून उभे राहिले. "बघ, काय न्हाई."

दुसऱ्या सकाळी असा झटका बसला की पोर हातातून सुटता सुटता राहिली.

आता माझं डोकं फिरलं. गाडी बंद, चावी सासऱ्यांच्या खिशात, मग कॉइल करंट देणार कुठून? मी तसं म्हणाले. सासऱ्यांनी बॅटरीच काढून ओट्यावर नेऊन ठेवली, दाराला हात लावून दाखवला. काही नाही. मी लावला. पुन्हा तेच. बापलेक एकमेकांकडे बघायला लागले, म्हणजे सून नाटक करते.

मी मान खाली घातली आणि मला सगळ्यांचे पाय दिसले. सासऱ्यांच्या पायात टायरच्या तळाची जाड चप्पल, नवऱ्याच्या पायात बूट. मी आणि सासूबाई अनवाणी. सासऱ्यांपुढे घरातल्या बायकांनी चप्पल घालायची नाही ही आमच्याकडची रीत. घर हललं होतं, रीत हलली नव्हती.

"मामा, चप्पल काढून हात लावा," मी म्हणाले.

असं कोणी त्यांना आजवर सांगितलं नव्हतं. रागारागात त्यांनी चपला भिरकावल्या, चिखलात पाय रोवला, दाराला बोटं टेकवली आणि मागच्या मागे धाडकन बसले.

बॅटरी समोर ओट्यावर पडलेली होती. नवऱ्यानं टेस्टर आणून दाराच्या मुठीला लावला, तर टेस्टरचा दिवा लाल पेटला. ज्या घरात जायला आम्ही सगळे भीत होतो, त्यात तो पळत गेला आणि मेन स्विच खाली ओढला.

काचेच्या कडेनं वायर कापली होती. आतली उघडी तार दाराच्या लोखंडाला चिकटलेली. चार रबरी चाकांवर उभ्या त्या गाडीत घरची वीज नुसती भरून राहिली होती, आमच्यापैकी कोणी अनवाणी उतरेपर्यंत.

"मलाबी लागायचा," सासूबाई हळूच म्हणाल्या. "म्हणलं, वय झालं."

सासरे अजून चिखलातच होते. "लेकराला कधी लागला का गं?" त्यांनी मला विचारलं.

मी नाही म्हणणार होते. तेवढ्यात सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "रोज सकाळी गाडीतून काढताना पोर किंचाळायची. दाराला पाय घासायचा तिचा. अन् मी मीठ-मोहऱ्या उतरवत बसले हो."

दोन महिन्यांचं लेकरू रोज जिवाच्या आकांतानं सांगत होतं आणि आम्ही त्याची दृष्ट काढत होतो. मी तिचे तळपाय उलटसुलट करून पाहिले. मग तिला छातीशी धरून सरळ घरात गेले आणि त्या भेगेच्या भिंतीला टेकून बसले. मला कोणी बाहेर बोलावलं नाही.