उतरून चालणारे आबा

आबांना दोघांनी अडकवलं. एक वाहतूक पोलीस, दुसरा मी. पोलिसाचं काम दहा मिनिटांत उरकलं. मला सात महिने लागले.

हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी चिडणार आहे आणि चिडलो की मला चूक नेहमी समोरच्याचीच दिसते.

जळगाव-धुळे पट्ट्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात तुम्ही कधी आला असाल, तर आबांना पाहिलंही असेल. आणि पाहिलं असेल तर बहुतेक सायकलवरून उतरतानाच. उजवा पाय मागच्या पोत्यावरून फिरवून आणायचा, डाव्या पॅडलवर उभं राहून चार हात घसरत जायचं आणि मग जमिनीला पाय लावायचे. साठी उलटून गेलेली, तरी कधी तोल गेला नाही. शाळा आली की उतरायचे. मारुती आला की उतरायचे. समोरून मयत आली तर उतरून टोपी काढून उभे. रस्त्याकडेला कुणी ओळखीचं उभं असलं तरी उतरायचे, आणि चालत त्याला ओलांडून गेल्यावरच पुन्हा बसायचे.

माझा भंगाराचा धंदा आहे. सोळाव्या वर्षी भाड्याच्या सायकलवर फेरी सुरू केली, आज हमरस्त्याला लागून स्वतःचा प्लॉट आहे, काटा आहे, दोन पिकअप आहेत. आबा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आणि मला माल आणून घालणारे. तरी माझ्या फाटकाच्या वीस पावलं अलीकडे उतरायचे. एकदा मी मे महिन्याच्या उन्हात ओरडलो, "आबा, फाटकापर्यंत बसून या की! उतरता कशाला?"

ते सायकल हाताने ढकलत जवळ आले आणि म्हणाले, "भाऊ, तुमी उभा नि मी बसेल? बरं दिसत नही."

"बरं दिसत नही." आबांच्या सगळ्या कायद्यांचं कलम हे एकच.

फेरीची त्यांची गावं ठरलेली होती, सात. सायकलच्या पुढच्या पाटीत लसूण, मागे पोतं. गावात शिरले की आरोळी द्यायचे. बाया फुटका डबा, तुटका पाळणा, गंजलेली कढई घेऊन बाहेर यायच्या आणि बदल्यात लसूण न्यायच्या. लसूण मोजताना आबांची मूठ सैल होती. माझी नाही. भाव करताना मी सख्ख्या भावालाही सोडत नाही, हे आमच्या बाजारात कुणालाही विचारा. पण आबांशी मला भाव करता आला नाही. ते पोतं काट्यावर ठेवायचे आणि काट्याकडे पाठ करून उभे राहायचे. "काटा तुमना, देव बी तुमना." आता अशा माणसाशी घासाघीस करायची कशी? मी दुसऱ्यांवर ओरडून ती हौस भागवायचो.

पोत्याबरोबर कधी कधी एक वेगळं गाठोडं असायचं. ते काट्यावर यायचं नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "हाई रागमा दियेल शे. आठ दिन याले वजन नही."

म्हणजे असं, की सुनेचं सासूशी भांडण झालं आणि सासू शेतात गेलेली असताना सुनेने तिची पेटी भंगारात काढली. नवरा पिऊन आला म्हणून बायकोने त्याची शेगडी देऊन टाकली. आबा हसून माल घ्यायचे, लसूणही द्यायचे, पण ती वस्तू आठ दिवस बाजूला ठेवायचे. "राग उतरस, मंग मानूस मांगाले येस." आणि खरंच यायचे लोक. लसूण खाऊन झालेला असायचा, तो आबा परत मागायचे नाहीत. मी म्हणायचो, "आबा, हा धंदा नाही, हा दवाखाना आहे." त्यावर ते हसायचे. पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे हसताना हात तोंडापुढे धरायचे. तेही बरं दिसत नाही म्हणूनच असणार.

आता चौकाचं सांगतो.

रस्ता रुंद झाला आणि मधोमध दुभाजक आला. आबा ज्या गल्लीतून यायचे, तिथून माझ्या प्लॉटवर यायला पूर्वी नुसता रस्ता ओलांडावा लागे. आता कायद्याने यायचं तर कंटेनरांच्या गर्दीतून दीड किलोमीटर पुढे जाऊन पुलाखालून वळून परत यायचं. नाहीतर साठ-सत्तर पावलं उलट्या बाजूने. मोटारसायकली उलट्याच येतात, रिक्षा येतात, एकदा लग्नाचा बँड आलेला मी पाहिलाय. आबा मात्र त्या साठ-सत्तर पावलांत उतरायचे आणि सायकल हातात धरून कडेकडेने चालायचे. बसून उलटं जाणं त्यांना बरं दिसत नव्हतं.

त्या दिवशी चौकात नवा, पोरगेलासा शिपाई होता. मी समोरच्या टपरीवर चहा घेत होतो. आबा चालत आले. शेजारून तीन मोटारसायकली उलट्या दिशेने सुसाट गेल्या, शिपाई त्यांना हात करेपर्यंत पसार. आबाही गर्दीतून निघून गेले असते. पण समोर खाकी कपडे दिसले, म्हणून ते थांबले, सायकल पोटाला टेकवली आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "राम राम, साहेब."

सापडणारा हाच एक होता. शिपायाने खिशातून चलानचं यंत्र काढलं. "उलट्या बाजूने येताय. गाडी नंबर?"

"साहेब, सायकलले कथा नंबर ऱ्हास?"

टपरीवरचे हसले. शिपायालाही हसू आलं. त्याने यंत्रावर दोन-चार बटणं दाबून पाहिली, नंबर टाकल्याशिवाय ते पुढे जाईना. आबा यंत्रात डोकावून पाहत होते, जणू त्या पोराची अडचण त्यांचीच होती. शेवटी त्याने यंत्र खिशात घातलं. "जा बाबा. उद्यापासून पुलाखालून या."

इथे गोष्ट संपली होती. तुम्ही असता तर चहा संपवून घरी गेला असता.

मी रस्ता ओलांडून गेलो. "ए साहेब, कुठल्या कलमात अडवलं म्हाताऱ्याला? पायी चालतोय तो! मोटारसायकलवाले गेले तेव्हा कुठे होतास?" माझा आवाज तुम्हाला माहीत नाही. प्लॉटच्या या टोकाला बोललो तर त्या टोकाच्या कुत्र्याला जाग येते. माणसं जमली, दोघा-तिघांनी मोबाइल वर धरले. त्या पोराचा चेहरा बदलताना मला दिसला. दिसला, आणि मी आणखी चढ्या आवाजात बोललो.

"सायकल जमा," तो म्हणाला. "दंड भरा, मग न्या."

आबा मला म्हणत होते, "भाऊ, ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या." त्यांनी पाटीतला लसूण धोतराच्या सोग्यात काढून घेतला आणि सायकल स्वतःच ढकलत त्याच्याबरोबर चौकीच्या आवारात नेऊन लावली. स्टँडवर नीट उभी केली. कुलूपही लावलं नाही, म्हणाले, पोलिसांच्या दारात कुलूप लावलेलं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी आबा दंडाचे पैसे कमरेला बांधूनच आले. "भाऊ, दी टाकू का? सायकल लई येस नि फेरीवर जास."

मी म्हणालो, "एक पैसा द्यायचा नाही. चालणाऱ्या माणसाला दंड कसला? दिलात तर पुन्हा माझ्या काट्यावर येऊ नका." असं म्हणालो मी. त्यांच्यादेखत अर्ज लिहायला बसलो. हातात सायकल धरून रस्त्याने चालणारा इसम हा कायद्याने माणूस की वाहन, याचा लेखी खुलासा व्हावा, तोवर कोणताही दंड मान्य नाही. दोन पानं. लिहिताना फार बरं वाटत होतं.

आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी माझा चेहरा वाचला असणार. "भाऊ, कागद आठ दिन ऱ्हाऊ द्या. मंग द्या."

"हे काय शेगडी आहे का आबा?" मी म्हणालो आणि त्यांचा अंगठा उठवून घेतला. त्याच दिवशी अर्ज दिला. पोच घेतली.

मग मी थांबलो. भावात जो आधी बोलतो तो पडतो, हे मी सोळाव्या वर्षापासून शिकलोय. म्हटलं, तेच बोलावतील. चौकीकडे फिरकलो नाही. महिना गेला, दोन गेले. आबा पोतं खांद्यावर घेऊन चालत फेरी करू लागले. सातांची चार गावं झाली, मग दोन. उरलेल्या गावांत भोंगा लावलेला टेम्पो फिरायला लागला, त्यात आरोळीसुद्धा रेकॉर्ड केलेली. मी आबांना म्हणालो, माझ्याकडची जुनी सायकल घेऊन जा. ते म्हणाले, "मनी सायकल सुटेपर्यंत दुसरीवर बसू? बरं दिसत नही."

नंतर कळलं, की मला न सांगता ते चौकीत गेले होते, पैसे घेऊन. तिथल्या साहेबांनी कागद काढून दाखवला. तुमचा अर्ज वर गेलाय, निकाल लागल्याशिवाय आता दंड घेता येत नाही, सायकलही सोडता येत नाही. आबा राम राम करून परत आले. मला बोलले नाहीत. माझ्या अर्जाने अडकलं, हे मला कळू नये म्हणून बोलले नाहीत, असं मला वाटतं.

सातव्या महिन्यात चौकीचं आवार साफ करायचं ठरलं. पडून असलेला माल लिलावात निघाला आणि नेहमीप्रमाणे आम्हा भंगारवाल्यांना बोलावणं आलं. तिथला साहेब बदललेला, शिपाई बदललेला. कोपऱ्यात सायकलींची रास होती, पावसात गंजून एकमेकींत अडकलेली. भाव पाडण्यासाठी मी त्या राशीला बुटाने ढकललं आणि म्हणालो, "ही घाण तर फुकट दिली तरी नको." भाव पडला. लिलाव मी घेतला.

प्लॉटवर पिकअप रिकामी करताना पुढची पाटी दिसली. तिच्या तारांमध्ये लसणाची सालं अजून अडकलेली होती. हँडलला तारेने पत्र्याचा बिल्ला बांधलेला, त्यावर रंगाने आकडा टाकलेला. नंबर नाही म्हणून जिचं चलान होत नव्हतं, तिला आत गेल्यावर नंबर मिळाला होता.

मी चाकं बदलली, चेन बदलली, तेल घातलं, आणि आबांना निरोप धाडला. ते आले. चालत आले, तरी फाटकाबाहेर क्षणभर थांबले, उतरल्यासारखे. सायकलच्या सीटवरून हात फिरवला. बिल्ला बोटाने वाजवून पाहिला.

"घेऊन जा आबा."

"हिना कागद शे का भाऊ?"

मी लिलावाची पावती दाखवली. त्यांनी ती उलटी-सुलटी करून पाहिली. "नाव कोनं शे यावर?"

"माझं. पण त्याला काय? मी तुम्हाला देतोय."

"आते हिले कागद शे, पन तो मना नावना नही. मी चौकमा गऊ नि त्यासनी इचारं, ते? तुमनी सायकल मी चोरी असंच दिसी." मी पावतीवर लिहून देतो म्हणालो. शपथ घेतली. शेवटी ओरडलो. आबा ओशाळून हसले, हात तोंडापुढे. "भाऊ, तुमना कागदसनी माले भीती वाटस."

त्यांच्या तोंडून माझ्याविषयी निघालेलं वाकडं वाक्य हे एकच.

आठ दिवस मी थांबलो. कुणाचा राग उतरायची वाट पाहत होतो, माझं मलाच कळत नव्हतं. मग सायकल पिकअपमध्ये घालून त्यांच्या गावी गेलो. घराला कुलूप. शेजारच्या अक्का उंबऱ्यात लसूणच सोलत बसल्या होत्या. "पोरगी लई गयी सुरतले. आठे काय करतीन? फेरी ते ऱ्हायनी नही." अक्कांकडून आबांच्या मुलीचा सुरतेचा फोन नंबर घेतला.

पोरगी नीट बोलली. बाबा बरे आहेत म्हणाली. तिसऱ्या मजल्यावर राहतात, खाली उतरत नाहीत, रस्ता ओलांडायला घाबरतात. "आणि भाऊ, एक सांगू का? खाली सोसायटीचा वॉचमन आहे. तो गेटवर दिसला, की बाबा गॅलरीत खुर्चीवरून उठून उभे राहतात. तो जाईपर्यंत बसत नाहीत. मी सांगितलं, तो पोलीस नाही. तरी उठतात."

फोन द्या म्हणालो. मागे काहीतरी बोलणं झालं आणि ती परत आली. बाबा झोपलेत, म्हणाली.

सायकल माझ्या काट्यामागे भिंतीला लावलेली आहे. तिचं वजन मी करणार नाही. त्या चौकात मोटारसायकली आजही उलट्या येतात आणि सायकलवाले आजही अडवले जातात, कारण ते सावकाश येतात. अर्जाची पोच माझ्या खिशात आहे. उत्तर आलेलं नाही. मी पाच वेळा विचारून आलो. पहिल्या वेळी ओरडलो, पाचव्या वेळी हात जोडले. अर्ज सापडत नाही, एवढंच सांगतात.

माझ्या वाट्याचं मी वर लिहून दिलंय, एक शब्द झाकला नाही. आता तुमच्यापैकी ज्याची सही चालत असेल, त्याने या प्लॉटवर यावं आणि या सायकलसमोर उभं राहून सांगावं. हातात सायकल धरून चालणारा तो माणूस होता की वाहन? आणि माणूस होता, तर सात महिने तुम्ही काय जमा करून ठेवलं होतं?

खुर्ची मिळणार नाही. उभ्यानेच सांगा.