घडीचे दोन फोन आणि नर्मदेपलीकडचं अंगण

शहाद्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. तीस वर्षं मी लोकांचे चेहरे काढतो आहे. रोलच्या काळात मी निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून नवरीच्या गालावरचे देवीचे व्रण घालवायचो, नवरदेवाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायचो. त्यामुळे मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे मी जरा वरूनच बघत असे. खिशातून काढला, दाबला, झालं; त्यात कसली करामत?

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत माझी भाची एका लग्नासाठी पुण्याहून आली होती. ती तिकडे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. संध्याकाळी दुकानात बसली होती, तेवढ्यात माझा जुना मित्र आला. तो तापीकाठचा गुजर. केळी आणि कापूस ही त्याची शेती, आणि बाजाराचं काम आटोपलं की माझ्या बाकावर येऊन बसणं हा त्याचा नेम. त्याच्या मुलाने त्याला अहमदाबादहून घडीचा फोन आणून दिला होता. रुमालात गुंडाळलेला तो फोन त्याने बाहेर काढला आणि पुस्तक उघडावं तसा उघडला. आत तळहाताएवढा अखंड पडदा.

भाचीने पर्समधून स्वतःचा फोन काढला आणि तोही तसाच उघडला. दुसऱ्या कंपनीचा.

"अरे! तुन्हाकडे बी शे का?" मित्राचा चेहरा जरा उतरला. मग लगेच म्हणाला, "पण कॅमेरा मन्हाच भारी."

"बघू या की काका," भाची म्हणाली.

दोघांनी आधी माझाच फोटो काढला. मित्राच्या फोनमध्ये मी दहा वर्षांनी तरुण झालो होतो. हनुवटीवरचा तीळसुद्धा अर्धा नाहीसा झाला होता.

"देख, कसा नवरदेव दिखस!" तो म्हणाला.

भाचीच्या फोनमध्ये माझ्या गालाचं एकेक छिद्र दिसत होतं. "मामा, हे तुम्ही आहात," ती म्हणाली. "काकांच्या फोनमधला दुसराच कुणीतरी आहे."

मला हसू आलं. मित्राच्या फोनच्या पोटात एक रिटचवाला बसलेला होता, माझ्यासारखाच. फक्त त्याला पेन्सिल लागत नव्हती आणि तो मला विचारतही नव्हता.

दोघांनी मला पंच नेमलं. दुसऱ्या दिवशी केळीच्या बागेत गेलो. एकच घड दोन्ही फोनांनी टिपला. मित्राच्या फोनात तो हिरवागार, भाचीच्या फोनात पानांवरच्या धुळीसकट. मित्र म्हणे, माझा घड व्यापारी आधी उचलेल. भाची म्हणे, तो घड तुमच्या बागेत आहे तरी का? शेवटी गाडं झूमवर येऊन अडलं. लांबचं कोण जास्त चांगलं दाखवतं? पण आमच्या सपाटीवर लांबचं काही दिसतच नाही. वीस पावलांवर ऊस आडवा येतो.

"मग नर्मदेवर चला," मी म्हणालो.

रविवारी सकाळी मित्राच्या गाडीतून निघालो. धडगाव मागे टाकलं, घाट उतरलो. रस्ता जिथे संपला तिथे गाडी लावून पायवाटेने खाली गेलो. धरणाचं पाणी चढल्यापासून नर्मदा तिथे नदीसारखी राहिलेलीच नाही. रुंद, हिरवी, जागच्या जागी उभी. पलीकडे मध्य प्रदेशातले डोंगर. अंतर किलोमीटरभर असेल, पण नुसत्या डोळ्यांना पलीकडची घरं म्हणजे डोंगरावर सांडलेले तांदळाचे दाणे.

काठावर एका खडकावर साठीची एक बाई बसली होती. आजूबाजूला पाचसहा बकऱ्या. तिने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाण्यापलीकडे नजर लावली.

आम्ही आमच्या कामाला लागलो. पाण्यात बुडालेल्या एका झाडाचा वाळका शेंडा वर आला होता आणि त्यावर पाणकावळे बसले होते. दोन्ही फोनांनी ते असे जवळ ओढले की त्यांच्या ओल्या पंखांवरची चमकसुद्धा दिसली. मी आतून हललो. अशा फोटोसाठी हातभर लांबीची लेन्स आणि ट्रायपॉड लागायचा. इथे दोन माणसं ते हातात धरून भांडत होती.

बाई उठून जवळ आली. "काय करी ऱ्हायनात?" तिने विचारलं. घरी ती डोंगरातली पावरी बोली बोलत असणार, पण कापूस वेचायला बरेच हंगाम शहाद्याकडे आलेली, म्हणून आमची अहिराणी तिच्या तोंडात होती.

मित्राने फोन दाखवला. तिने पाणकावळ्यांकडे पाहिलं, मग पलीकडच्या डोंगराकडे बोट केलं. "तो काठ दिखस का यामा?"

"दिखस ना, बईन. तुले काय देखनं शे?"

"मन्ही आंडेर तठे शे," ती म्हणाली.

तिची मुलगी पलीकडे दिली होती आणि तिचे दिवस भरले होते. होडी आठवड्यातून एकदा, फक्त बाजाराच्या दिवशी, आणि बाजाराला अजून चार दिवस होते. फोनची रेंज ना इकडे ना तिकडे. मग ती रोज सकाळी या खडकावर येऊन मुलीच्या घराचा धूर बघायची. धूर निघाला की समजायचं, चूल पेटली, सगळं ठीक. पण परवा धूर भर दुपारी निघाला आणि संध्याकाळपर्यंत थांबला नाही. भर दुपारी एवढं पाणी कशाला तापवतील? तेव्हापासून ती उठली नव्हती म्हणाली. बकऱ्यासुद्धा इथेच घेऊन आली होती.

भाची माझ्या कानाशी आली. "मामा, कुणाच्या अंगणात असं डोकावायचं का?"

मी बाईला ते सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, लेकीच्या अंगणात आईने नाही डोकावायचं तर कुणी?

तिने खूण सांगितली: दोन ताड, आणि त्यांच्या खाली एकटं घर. मित्राने आपला फोन उघडला. हात जरा हलला की पडद्यावर डोंगर इकडून तिकडे पळत होता. मग एकदम ताड सापडले. त्याने बटण दाबलं. फोटो क्षणभर धूसर दिसला आणि आमच्या डोळ्यांदेखत स्वच्छ झाला. कौलं, कुडाची भिंत, भिंतीत एक खिडकी, सगळं रेखीव. आम्ही तिघंही "वा!" म्हणालो.

बाईने पडदा हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिलं. मग मान हलवली. "हाई मन्ही आंडेरनं घर नही."

"दोन ताड शेत ना!" मित्र म्हणाला.

"तठे खिडकी नही. तठे सुपडं टांगेल शे."

मी फोटो मोठा केला आणि अंगावर काटाच आला. एवढ्या लांबून भिंतीवरचा डाग कसला ते फोनला कळलं नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच्या मनाने चौकट काढून खिडकी बसवली होती. किती सफाईने! तीस वर्षं हे काम करूनही ती खिडकी मला ओळखू आली नव्हती. त्या बाईने ओळखली, कारण त्या भिंतीवर सूप कुठे असतं ते तिला माहीत होतं.

भाचीने आपल्या फोनवर फोटो घेतला. तो पाहून कुणी वा म्हणालं नाही. कमी उजेडात वापरायच्या जुन्या जलद फिल्मवर यायचे तसे दाणेच दाणे. पण भिंतीवर खिडकी नव्हती. एक तपकिरी ठिपका होता, बस.

"हां," बाई म्हणाली. "हाईच घर."

मग भाचीने फोन अर्धाच मिटला आणि टेबलावरच्या कॅलेंडरसारखा खडकावर उभा केला. खालची घडी दगडावर, वरची उभी, कॅमेरा पाण्याकडे. आता धरणारा हातच नव्हता, त्यामुळे चित्र थांबलं. नुसती उन्हाची झळ तेवढी हलत होती. तिने व्हिडिओ चालू केला आणि बाईला पडद्यापुढे बसवलं.

आधी काहीच झालं नाही. एक पांढरा कण अंगणातून पळाला, कोंबडी असावी. मग एक निळा ठिपका घरातून निघाला आणि वळचणीखाली बसला.

"विहीण शे," बाई म्हणाली.

निळ्या ठिपक्याशेजारी काहीतरी फिकट लोंबत होतं. मला ते वाळत घातलेलं धडुतं वाटलं. मग ते हललं. डावीकडे गेलं, उजवीकडे आलं. पुन्हा डावीकडे. वारा नव्हता, ताडाची पानं स्थिर होती. ते फिकट काहीतरी मात्र एका लयीत जात होतं, येत होतं.

"झोळी," बाई पुटपुटली. आणि मग मोठ्याने, "झोळी शे! झोळी!"

मी काळोख्या खोलीत, लाल दिव्याखाली, कोऱ्या कागदावर माणसाचा चेहरा उमटताना हजारो वेळा पाहिला आहे. तरी त्या क्षणी मला जे झालं ते त्याहून मोठं होतं. जन्माची बातमी नदी ओलांडून आली होती. माणूस नाही, आवाज नाही, एक ठिपका फक्त झुलत होता. भाचीने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

पण बाईचा चेहरा पुन्हा ताणला गेला. झोळीची दोरी विहीण ओढत होती. मग मुलगी कुठे आहे? ऊन चढत होतं. भाचीचा फोन तापला आणि पडद्यावर तशी सूचना आली. तेव्हा माझा मित्र उठला. त्याने खांद्यावरचा टॉवेल सोडला, दोन्ही हातांनी ताणून धरला आणि त्या फोनवर सावली करून उन्हात उभा राहिला. ज्या फोनला तो आठवडाभर नावं ठेवत होता, त्याच फोनवर. वीस मिनिटं तरी तो तसाच उभा होता.

दाराच्या काळ्या चौकटीत लाल रंग आला. थांबला. मग भिंतीच्या आधाराने एकेक पाऊल टाकत झोळीकडे निघाला. माझ्या डोळ्यांना तो नुसता लाल ठिपका, त्याला ना तोंड ना हात. बाई मात्र पुढे वाकली.

"तीच शे. देखा, डावा पाय बाहेर टाकीसन चालस. लहानपणी झाडवरतून पडेल शे ती."

मी डोळे बारीक करून पाहिलं. मला काही पाय दिसला नाही. पण ती सांगत होती म्हणजे तो होता.

बाई उठली आणि पाण्याकडे तोंड करून तिने लांब हाळी घातली. पलीकडे ती पोहोचणार नव्हती हे तिलाही ठाऊक असणार. लाल ठिपका झोळीवर वाकला, वर पाहिलं नाही. बाई खळखळून हसली, पदराने डोळे पुसले. "बकऱ्या देखज्यात," एवढं आम्हाला सांगून ती चढ चढून पाड्याकडे धावत सुटली. साठीची बाई, अनवाणी.

आम्ही तिघं बकऱ्या राखत बसलो. अर्ध्या तासाने सगळा पाडाच खाली आला. एकेक जण खडकापुढे उकिडवा बसून झुलता ठिपका बघे आणि पुढच्याला जागा देई. एका म्हाताऱ्याने बराच वेळ पाहून मित्राला विचारलं, "पोऱ्या शे का पोर?"

"बाबा, तेवढं कोणताच फोनमा दिखत नही!" मित्र म्हणाला, आणि सगळा काठ हसला.

परतताना घाटात मित्राने गाडी चालवता चालवता विचारलं, "मग पंच, निकाल काय?"

"पोरीचा फोन जिंकला," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. थोड्या वेळाने म्हणाला, "पण माणसंना फोटो मन्हाच भारी येतस."

ते खरं होतं. मी तेही मान्य केलं.

पुढच्या आठवड्यात धडगावच्या बसच्या कंडक्टरने दुकानात निरोप आणून दिला: मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, आजी होडीने जाऊन आली. मी भाचीकडून त्या व्हिडिओतलं एक चित्र मागवून घेतलं, लाल ठिपका झोळीवर वाकलेला, आणि मोठ्या कागदावर छापायला दिलं. लॅबमधल्या माणसाचा लगेच फोन आला. फोटो मोठा केल्यावर फारच फाटतोय, नुसते दाणे दिसतायत, म्हणाला, जरा साफ करून धारदार करून देऊ का?

"एका दाण्यालाही हात लावू नका," मी म्हणालो. "आहे तसाच छापा."

त्याच कंडक्टरच्या हाती तो आजीला पाठवून दिला. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये घालून, वर सुतळी बांधून.