पप्पांसाठी पुरलेले पंचवीस फिल्स

मंडळी, डिटेक्टरवर कमी नंबर आला तर तुम्ही खणता का? आज मी त्यावरून चक्क सासऱ्यांशी भांडले!

आमचे पप्पा, म्हणजे सासरे, वसईहून इथे आखातात आमच्याकडे व्हिजिटवर आलेत, उद्या परत जाणार. माझं मेटल डिटेक्टरचं वेड त्यांनाही लागलं, पण बिचाऱ्यांना मिळाल्या फक्त कोल्ड्रिंकच्या कॅनच्या रिंगा. म्हणून आज सकाळी उम्म अल कुवैनच्या बीचवर मी पुढे जाऊन पंचवीस फिल्सचं, म्हणजे पाव दिरहमचं, नाणं गुपचूप वाळूत पुरलं.

पप्पा तिथे आले, डिटेक्टर वाजला. त्यांनी स्क्रीनवर धातूचा नंबर बघितला.

"लो नंबर. रिंगच असणार. खलास, पुढे चल."

हे मीच शिकवलेलं! या नाण्याचा आणि रिंगचा नंबर जवळपास सारखाच येतो, म्हणून मी स्वतः असले सिग्नल सोडून देते.

"पप्पा, खणा ना! नाणं असलं तर?"

"अगं, कशाला उगाच?"

बरीच हुज्जत घातल्यावर त्यांनी वाळू उकरली. नाणं बघून काय खूश झाले! "सहा रुपये झाले की गं!"

गाडीत बसल्यावर ते नाणं रुमालात बांधत हळूच म्हणाले, "पुढच्या वेळी जरा खोल पुरशील, पोरी. लांबूनच चकाकत होतं."