अध्यक्षबाईंचा राजीनामा

औषधाच्या पाकिटावरचं बारीक नाव मोबाइलनं मोठ्यानं वाचून दाखवायचं, एवढंच त्या प्रोग्रामचं काम. अण्णांची नजर अधू झाली तेव्हा त्यांच्या लेकीनं तो लिहिला आणि कुणीही फुकट वापरावा, उघडून सुधारावा म्हणून इंटरनेटवर खुला ठेवला. माणसं जमली. माणसं जमली की भांडणं आलीच, म्हणून तिनंच समिती नेमली, स्वतः अध्यक्ष झाली, नियमावली लिहिली. एका गृहस्थांनी अर्ध्या कामातून काढता पाय घेतला, तेव्हा रागाच्या भरात तिनं कलम घातलं: वारस मिळाल्याशिवाय अध्यक्षानं पद सोडू नये. आपल्याच पायावर धोंडा असा कलमासकट पाडून घेणारी माणसं याच धंद्यात सापडतात. धंदा तरी कसला, दमडी मिळत नाही.

आता अण्णा माणसं विसरू लागले होते. आधी शेजारी विसरले, मग जावई. लेक तेवढी अजून ओळखीची होती.

रविवारी दुपारी समिती पडद्यावर जमली.

"मला सोडवा," ती म्हणाली. "वडील ओळखतायत तोवर मला त्यांच्याजवळ बसायचंय."

सगळे हळहळले. भाषांतरं बघणारे काका म्हणाले, "अगदी बरोबर आहे तुमचं. पण माझं आता वय झालं." प्रोग्रामच्या चाचण्या घेणाऱ्या ताईंच्या मांडीवर तान्हं बाळ होतं. तिसरा म्हणाला, "तुमच्यासारखं जमणार कुणाला?" स्तुती करणारा माणूस कामाला हात लावत नाही, हे तिला एव्हाना कळायला हवं होतं. शेवटी मतदान झालं आणि तिचं एक मत सोडून बाकी सगळ्यांनी तिलाच निवडलं.

"घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या किती दिवस भाजणार आहेस?" नवरा म्हणाला. "बंद कर सरळ. कोण काय करणारे?"

तिनं मोबाइल त्याच्यापुढं धरला. एका अंध बाईंचा निरोप होता: नव्या फोनवर आवाज येत नाही, कालपासून गोळ्या अंदाजानं घेतेय.

ती परत कामाला बसली. बिघाड सापडून दुरुस्त होईस्तोवर संध्याकाळ झाली.

मग ती अण्णांच्या खोलीत आली आणि त्यांच्यासमोर बसली. अण्णांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, सावरून बसले.

"बसा ना," ते हळूच म्हणाले. "माझी मुलगी आत आहे. पण तिला हाक नका मारू हं, फार काम असतं तिला."

"बरं," ती म्हणाली.